अंगणातले पाणी : शाहूपुरीचा एक हिशेब

कोल्हापूरचा इतिहास लिहिताना गड, गाद्या, तालमी आणि चळवळी यांच्याबद्दल भरभरून लिहिले जाते. अंगणाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. घरापुढचे अंगण, मागचे परस, मशिदीचे पटांगण, दर्ग्याचे आवार, कब्रस्तानची मोकळी जमीन या जागांनाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बखरीत त्यांची नोंद नाही, सरकारी दप्तरात असलीच तर चौरस फुटांत आहे. शाहूपुरीत आणि तिच्या आसपास राहणाऱ्या आम्हां लोकांना मात्र २०१९ आणि २०२१ या दोन सालांनी हा इतिहास वाचायला लावला. पुराचे पाणी दारात आले, तेव्हा ते कोणत्या वाटेने आले आणि त्याची जुनी वाट कोणी अडवली, हा प्रश्न टाळता येईना. त्या प्रश्नाचा माग काढत आम्ही मागे गेलो, ते थेट राजर्षी शाहू महाराजांच्या काळापर्यंत.

पेठेचा जन्म

शाहूपुरी ही कोल्हापूरची जुनी पेठ नव्हे. ती बेतून वसवलेली पेठ आहे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९४ च्या २ एप्रिलला शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनच्या जवळ गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ उभी राहिली. सरळ गल्ल्या आखल्या गेल्या. म्हणूनच जुन्या पेठांना देवांची, वारांची किंवा जातींची नावे असताना इथल्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, पाचवी, सहावी असे नुसते आकडे आहेत. वखारी आल्या, अडत दुकाने आली. भोवतालच्या गावांतून गुळाचे रवे भरून बैलगाड्या येऊ लागल्या.

बैलगाडीची पेठ म्हणजे मोकळ्या जमिनीची पेठ. गाडी सोडायला जागा लागते, बैल बांधायला दावण लागते, त्यांना पाणी पाजायला हौद किंवा विहीर लागते, वैरण लागते. शाहूपुरीत आजही ‘गवत मंडई’ या नावाचा भाग आहे. त्या नावातच या पेठेच्या अंगणांचा अर्धा इतिहास आहे. जिथे गवत विकले जात होते, तिथे ते खाणारी जनावरे होती. जनावरे होती म्हणजे शेण होते, आणि शेण होते म्हणजे सारवलेली, पाऊस पिणारी मातीची अंगणे होती. काही सुंदर करावे म्हणून कोणी माती मोकळी ठेवली नव्हती. पेठेचे पोटच त्या मातीवर चालत होते.

हा काळ सुखाचा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली होती, त्यात प्लेगची भर होती. पाण्याचा प्रश्न महाराजांच्या डोक्यात पक्का बसला तो याच वर्षांत. १९०२ हे साल आपण पन्नास टक्के राखीव जागांच्या हुकूमनाम्यासाठी लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच साली करवीर संस्थानने पाटबंधाऱ्यांचे धोरणही आखले होते. गावोगावच्या विहिरी आणि तलाव यांची पाहणी झाली. पुढे भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम निघाले. पैशाअभावी ते थांबले आणि महाराजांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. धरणाचा मोठा विचार आणि विहिरीचा छोटा विचार त्या धोरणात शेजारी शेजारी होते. पुढच्या काळात धरण लक्षात राहिले, विहीर विसरली गेली.

आपल्या समाजाच्या बाबतीत याच काळातली दुसरी घटना सर्वांना ठाऊक आहे. १९०६ मध्ये महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. पुढे दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. ज्या राजाने पेठ आखली, त्यानेच आमच्या मुलांना शिक्षणाचे छप्पर दिले. म्हणून या पेठेचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हा प्रश्न आम्हांला परका नाही.

नदीचा नाला

शाहूपुरीच्या कडेने जयंती वाहते. आज तिला सगळे ‘जयंती नाला’ म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी ती नदी होती. शहराच्या दक्षिणेकडून पाणी घेऊन ती शहराच्या मधून जाते आणि पंचगंगेला मिळते. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत जाते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. गंमत अशी, की हा सारा पाऊस येतो तो अरबी समुद्रावरून, सह्याद्रीच्या पलीकडून. म्हणजे आमच्या अंगणात पडणारा थेंब एका समुद्राकडून आलेला असतो आणि दुसऱ्या समुद्राच्या वाटेवर असतो. मधल्या प्रवासात तो काही काळ आमच्या ताब्यात असतो. त्या काळात आपण त्याचे काय करतो, एवढाच आमच्या हातातला प्रश्न.

गेल्या काही दशकांत शहराने त्याचे काय केले ते उघड आहे. कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई झाली. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचते आणि दरवर्षी लोक त्रागा करतात. पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही. तळ्यांचे जे झाले, तेच लहान प्रमाणात अंगणांचे झाले. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले. दावणीच्या जागी मोटारसायकली उभ्या राहिल्या. मातीवर आधी शहाबादी फरशी आली, मग सिमेंट, मग पेव्हिंग ब्लॉक. आड बुजवले गेले किंवा त्यांवर स्लॅब पडला. त्या त्या वेळी यातले प्रत्येक पाऊल समजण्यासारखे होते. चिखल कोणाला हवा असतो? नळ घरात आल्यावर रहाट कोण ओढणार? पण सगळी पावले मिळून झाले ते असे, की पेठेत पडलेला पाऊस मुरायला जागा उरली नाही. तो पडल्या पडल्या गटारीत आणि गटारीतून जयंतीत जाऊ लागला.

२०१९ आणि २०२१

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्या वर गेली. नदी एवढी चढली, की जयंतीचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. उलट नदीच नाल्यात शिरते आणि पाणी मागे फिरते. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली ही याच मागे फिरलेल्या पाण्याची ठिकाणे. गणपतीचे दिवस जवळ आलेले, आणि कुंभार बांधवांच्या अर्ध्या घडलेल्या मूर्ती पाण्यात. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत विरघळली. आमची बकरी ईद त्या साली १२ ऑगस्टला, ऐन पुरात आली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी गणपती आणि मोहरम एकाच आठवड्यात आले. कोल्हापूरच्या रीतीप्रमाणे पंजे आणि गणपती एकमेकांच्या शेजारी बसले. पाण्याने दोघांनाही सारखेच भिजवले होते.

या पुरात एक विचित्र गोष्ट घडली. शहराच्या चहूकडे पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही. पाणी उपसणारी केंद्रे नदीकाठी होती, तीच बुडाली. लोक टँकरच्या रांगेत उभे राहिले. ज्या गल्लीत एखादी जुनी विहीर शाबूत होती किंवा बोअर चालू होता, तिथे बादल्यांची रांग लागली. दोन पिढ्यांनी निरुपयोगी ठरवलेल्या आडाची किंमत त्या आठवड्यात कळली. २०२३ पासून शहराला काळम्मावाडी धरणातून, पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळाने थेट पाणी येते. त्या योजनेसाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि ती गरजेचीच होती. पण नळ जितका लांब, तितके ते पाणी तुटण्याच्या जागा जास्त. दूरचे पाणी आणताना दारातले पाणी टाकून द्यावे, असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

हिशेब

आता हिशेब मांडू. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर आणि अंगणावर मिळून तो सुमारे ९३ हजार लिटर होतो. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला साडेचार महिने पुरेल एवढे पाणी त्या हजार चौरस फुटांवर आकाशातून पडते आणि गटारीने निघून जाते.

पण इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. सगळ्या शाहूपुरीने आपली अंगणे पुन्हा मातीची केली, तरी २०१९ चा पूर थांबला नसता. तो पूर आला तो गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरच्या डोंगरांवरून. तिथे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. धरणांतला विसर्ग, नदीपात्रातील अतिक्रमणे, पूररेषेच्या आतली बांधकामे हे विषय सरकारदरबारी आहेत आणि त्यांचा जाब तिथेच मागितला पाहिजे. अंगणाच्या नावाखाली ती जबाबदारी सामान्य माणसाच्या गळ्यात घालू नये. तसेच नाल्याकाठच्या सखल गल्ल्यांत पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी आधीच वर आलेले असते. तिथे शोषखड्डा खणून उपयोग नाही, तिथे छपराचे पाणी टाकीत साठवणे बरे. शोषखड्डा उपयोगाचा तो उंच भागात.

मग अंगणाने काय साधते? तीन गोष्टी. एक, नेहमीच्या पावसात, म्हणजे पूर नसताना, रस्त्यावर जे गुडघाभर पाणी साचते ते कमी होते. दोन, विहिरी जिवंत राहतात आणि संकटात कामाला येतात. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची, अंगणातून नदीत जाणारी घाण कमी होते.

खालच्या गावाचे पाणी

जयंतीत जे जाते ते पंचगंगेत जाते, आणि पंचगंगेच्या काठी खाली इचलकरंजी आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली आणि माणसे दगावली. तिथल्या यंत्रमागांवर आपले कितीतरी भाऊबंद राबतात. कोल्हापुरात कसबा बावड्याला सांडपाणी शुद्ध करणारे ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, न्यायालयांनी फटकारले, तरी पंचगंगेतली जलपर्णी आणि मेलेल्या माशांचे थर अधूनमधून बातमीत येतातच. कारखाने आणि सांडपाणी हे मोठे दोषी आहेत. पण जलपर्णी जगते ती नत्र आणि स्फुरद यांवर, आणि कुंडीत हौसेने टाकलेला जास्तीचा युरिया व फरशीवर ओतलेली धुण्याची पावडर यांतही तेच असते. पहिल्या पावसाबरोबर ते वाहून जाते.

अंगणातल्या विषांचाही इतिहास आहे. एके काळी मुंग्या, वाळवी, ढेकूण कशासाठीही ‘गॅमॅक्सिन’ म्हणून ओळखली जाणारी बीएचसी पावडर अंगणात सर्रास फवारली जाई. १९९७ मध्ये तिच्यावर देशात बंदी आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर बंदी घातली. म्हणजे ज्या वस्तू काल घराघरांत निर्धास्त वापरल्या गेल्या, त्या आज विष ठरल्या आहेत. गाजरगवताचेही तसेच. विसाव्या शतकाच्या मध्याला परदेशी धान्याबरोबर ते पुण्याकडे आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्यावर तणनाशक मारण्याऐवजी फुलोऱ्यावर येण्याआधी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले तर ते आटोक्यात राहते. पाचोळा जाळण्याऐवजी कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकून थोडे शेण घातले, तर सहा-आठ महिन्यांत खत होते. यात नवे ज्ञान काही नाही. गवत मंडईच्या काळातला माणूस हे न सांगता करत होता.

घाटाखालचे शहाणपण

कोल्हापूरचा गूळ शतकानुशतके फोंडा, गगनबावडा आणि आंबा या घाटांनी कोकणात उतरत आला आणि तिकडून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येत राहिली. या वाटांनी माणसेही आली-गेली, सोयरिकी झाल्या. खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांच्या घरांभोवती जी आगरे आणि परसे दिसतात, त्यांच्यापासून आम्हां घाटावरच्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. न्हाणीचे पाणी वाया जात नाही, ते पाटाने अळू, केळी किंवा माडाच्या अळ्यात जाते. झाडाखालचा पातेरा झाडाच्याच बुंध्याशी घातला जातो, म्हणजे ओल टिकते आणि जमीन कसदार होते. जांभ्याच्या चिऱ्यांनी अंगण बांधले तरी झाडांच्या जागा उघड्या राहतात. खाडीच्या कडेची खारफुटी लाटा आणि धूप अडवते, माशांच्या पिलांना थारा देते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. समुद्राकाठच्या माणसाला पाण्याची वाट अडवण्याची शिक्षा लगेच मिळते, म्हणून तो जपून वागतो. आम्हांला ती शिक्षा उशिरा मिळाली, एवढाच फरक.

वजूचे पाणी

पाणी जपण्याची शिकवण आपल्याला बाहेरून घ्यावी लागत नाही. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी वजूला पाण्याची उधळपट्टी नको, ही शिकवण लहानपणी मदरशात कानावर पडलेली असते. पैगंबर साहेब एका ‘मुद’ पाण्यात, म्हणजे अंदाजे पाऊण लिटरात वजू करत, असे हदीसमध्ये येते. उघड्या नळाखाली आज एका वजूला पाच लिटर सहज जातात. जुम्म्याला तीनशे नमाजी धरले, तर एका मशिदीत एका वेळी दीड हजार लिटर पाणी होते. या पाण्यात साबण नसतो, तेल नसतो. झाडाला घालायला याहून स्वच्छ वापरलेले पाणी शहरात दुसरे नाही. एक पन्हळ आणि थोडी उघडी माती एवढाच त्याचा खर्च.

अडचण जागेची आहे, आणि ती खरी आहे. वस्ती वाढली, मशिदी तेवढ्याच राहिल्या. जुम्म्याला आणि ईदला सफ बाहेरपर्यंत येते. अशा वेळी पटांगणात फरशी घालायची की झाड ठेवायचे, हा वाद विश्वस्तांच्या बैठकीत निघाला, तर दोन्ही बाजूंना चूक म्हणता येणार नाही. पण मधला मार्ग आहे. सिमेंटऐवजी वाळूवर बसवलेले, मध्ये फट ठेवलेले दगड नमाजीला तेवढीच सपाट जागा देतात आणि पाणीही मुरू देतात. कडेची दोन हात पट्टी उघडी ठेवून तिथे कडुनिंब लावला, तर मे महिन्यातल्या नमाज्यालाच सावली मिळते.

आणि कब्रस्तान. शाहूपुरीच्या जवळ, बागल चौकातले कब्रस्तान हे दाट वस्तीतले मोकळ्या मातीचे एक मोठे आवार. आमच्या पूर्वजांनी आमच्यासाठी मागे ठेवलेले सगळ्यांत मोठे अंगण हेच आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरू नये. तिथली माती पाऊस पिते, तिथली झाडे पाखरे सांभाळतात. पैगंबर साहेबांनी दोन कबरींवर ओली फांदी खोवली होती, हा प्रसंग आपण वाजमध्ये ऐकतो. कबरीवर संगमरवरी चौथरा बांधण्यापेक्षा माती उघडी ठेवणे आणि सावलीचे झाड लावणे यात त्या प्रसंगाची आठवण अधिक आहे. वक्फ म्हणजे थांबवून ठेवलेली, विकता न येणारी, पुढच्यांसाठी राखलेली मालमत्ता. जमीन जशी राखायची, तशी तिची पाणी पिण्याची ताकदही राखायची, असा त्याचा अर्थ घ्यायला हरकत नसावी.

पन्हाळ्यावर आदिलशाही काळातली अंधारबाव आहे. तीन मजली, बाहेरून साध्या इमारतीसारखी दिसणारी, आणि तळाशी पाणी. ज्यांनी ती बांधली त्यांचे राज्य १६७३ मध्ये त्या गडावरून उठले. नंतर गड अनेकांच्या हाती गेला. बाव मात्र सगळ्यांनाच पाणी देत राहिली. पाण्याची कामे सत्तेपेक्षा दीर्घायुषी असतात आणि ती कोणी केली हे न विचारता तहान भागवतात. आपल्या समाजाने या भूमीला काय दिले, असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात आपली बरीच शाई खर्च होते. अंधारबाव ते उत्तर न बोलता देते.

शाहूपुरीच्या गल्ल्या पुन्हा बैलगाड्यांच्या होणार नाहीत आणि तशी कोणाची इच्छाही नाही. पण गल्लीतला एखादा स्लॅबखालचा आड उघडता येईल. पुरानंतर त्याचा उपसा, ब्लीचिंग आणि तपासणी करावी लागेल, वर जाळी घालावी लागेल, डासांसाठी गप्पी मासे सोडावे लागतील. पिण्याला नाही तरी वापराला ते पाणी उपयोगी पडेल. छपराचे पाणी टाकीत घेता येईल. अंगणात दोन हात माती उघडी ठेवता येईल. पावसाळ्याआधी गल्लीतल्या चार घरांनी आणि जवळच्या मशिदीच्या विश्वस्तांनी एकत्र बसून एवढे ठरवले, तरी पुरे. हे काम हिंदू-मुसलमान असे वेगळे करता येत नाही. जयंतीचे पाणी मागे फिरते, तेव्हा ते कुंभार गल्लीत आधी शिरते आणि आमच्या गल्लीत नंतर.